पोलिसांसमोरची कबुली, मॅजिस्ट्रेटसमोरची कबुली आणि देवासमोरची कबुली

प्रश्न असा आला आहे: "माझ्या मेहुण्याला खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात अटक झाली. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं की पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली. म्हणजे आता खटला संपलाच का? सासूबाई म्हणतात, केलं असेल तर कबूल करून मोकळा हो, देवाच्या दारी कबुलीला माफी आहे. धर्म कबुलीला एवढं मानतो, मग कायदा तिच्यावर विश्वास का ठेवत नाही?"

आधी काळजीचं उत्तर. खटला संपलेला नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. कागदावर त्याची सही असो, अंगठा असो, मोबाइलवर व्हिडिओ काढलेला असो, फरक पडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हे आहे, आणि त्याआधी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ म्हणून हेच होतं. पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली चालत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणाला, म्हणजे पत्रकाराला, सरपंचाला किंवा भेटायला आलेल्या मामाला दिलेली कबुलीही चालत नाही. मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष समोर असतील तरच ती चालते.

हा नियम किती कडक आहे ते अघ्नू नागेसियाच्या खटल्यात दिसतं. बिहारमधला हा माणूस आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला आणि चार नातेवाइकांचे खून केल्याची फिर्याद त्याने स्वतःच दिली. कुणी पकडून आणलेलं नव्हतं. तरीही १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ऐकणारा पोलीस अधिकारी होता, म्हणून ही सगळी कबुली बाजूला ठेवावी लागेल. जो पुरावा उरला तो पुरेसा नव्हता, आणि तो सुटला. लोकांना हे ऐकून राग येतो आणि तो राग मला समजतो. पण हा नियम अशा एका माणसासाठी केलेला नाही. कोठडीत हात बांधून बसवलेल्या बाकीच्या असंख्य माणसांसाठी तो आहे.

पेपरातलं ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात दोन बातम्या आहेत. एक, त्याला मारलं. दोन, त्यानंतर तो बोलला. आपण दुसरी लक्षात ठेवतो आणि पहिली गिळून टाकतो. गेली अनेक वर्षं सत्र न्यायालयात फौजदारी बाजूला काम करताना मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट हीच आहे. मारहाणीची बातमी तपासाच्या यशाची बातमी म्हणून छापली जाते आणि वाचली जाते. आरोपीच्या घरचेही ती वाचून मान खाली घालतात.

ही अडचण जुनी आहे. मद्रास इलाख्यात सारा वसुलीसाठी आणि कबुलीसाठी लोकांचा कसा छळ होतो याची चौकशी करायला इंग्रज सरकारला आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८५५ सालचा. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात पोलिसांसमोरच्या कबुलीला बंदी आली आणि तिथून ती १८७२ च्या पुरावा कायद्यात गेली. तो कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने इथल्या एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं पुढे नोंदवून ठेवलं आहे: उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं जास्त सोयीचं पडतं. अख्ख्या कलमाचं कारण त्या वाक्यात आहे. कबुली हाच पुरावा मानला की बाकीचा पुरावा शोधायला कुणी उठत नाही. मग निर्दोष माणूस अडकतो आणि खरा गुन्हेगार बाहेर मोकळा राहतो, हे नुकसान फिर्यादीचंही असतं.

आता कायदा कोणती कबुली मानतो ते बघू. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६४) मॅजिस्ट्रेट कबुली नोंदवतात. रीतीप्रमाणे घडतं ते असं. आरोपीला आणणाऱ्या पोलिसांना दालनाबाहेर काढतात. बेड्या काढायला लावतात. दार लावून घेतात. मग मॅजिस्ट्रेट विचारतात: मी पोलीस नाही, मॅजिस्ट्रेट आहे, हे तुला कळलं का? तुला कधीपासून ताब्यात ठेवलं आहे? कुणी मारलं का? अंगावर जखमा आहेत का, दाखव. कबूल केलंस तर सोडू, माफीचा साक्षीदार करू, असं कुणी सांगितलं का? तू कबुली द्यायला बांधलेला नाहीस. दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. नाही दिलीस तर मी तुला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देणार नाही. एवढं झाल्यावरही बहुतेक मॅजिस्ट्रेट त्या दिवशी लिहून घेत नाहीत. निदान २४ तास विचाराला द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सरवणसिंगच्या खटल्यात सांगितलं आहे. तो वेळ आरोपी तुरुंगात काढतो, पोलीस कोठडीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्रश्न, आणि उत्तरांतून खात्री पटली तरच कबुली, प्रश्नोत्तरांसकट, त्याच्या शब्दांत. खाली मॅजिस्ट्रेटचा दाखला असतो की ही स्वेच्छेने दिली असं मला वाटतं. हे प्रश्न घाईत, छापील तक्त्यावर टिकमार्क करत विचारलेले दिसले की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि ठेवायलाच हवं.

तुमच्या मेहुण्याची अशी नोंद झाली आहे का, हे वकिलाकरवी लगेच काढा. झाली नसेल, तर पेपरातल्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही.

एक दार मात्र उघडं आहे, आणि बहुतेक खटले तिथेच लढले जातात. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा पुराव्यात येतो. हे पुरावा कायद्याचं जुनं कलम २७, आता कलम २३ चा परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद. समजा निवेदन पंचनाम्यात लिहिलं आहे: "ज्या कोयत्याने मी त्याच्यावर वार केले तो मी ओढ्याकाठी बाभळीच्या बुंध्याशी पुरून ठेवला आहे, चला दाखवतो." यातलं "कोयता बाभळीच्या बुंध्याशी पुरून ठेवला आहे, दाखवतो" एवढं चालेल. "ज्या कोयत्याने मी वार केले" हे गाळावं लागेल, कारण कोयता सापडल्याने वार सिद्ध होत नाहीत. सिद्ध होतं ते इतकंच की तो तिथे आहे हे याला माहीत होतं. १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे सांगितलं आणि आजही गाडी त्याच रुळावर आहे. म्हणून उलटतपासणीत आम्ही विचारतो: पंच कुठले, याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात, जागा उघड्यावर होती का, पोलिसांना ती आधीच ठाऊक होती का, जमीन ताजी उकरलेली होती का, रक्ताचा अहवाल काय सांगतो. आरोपी नेमकं काय बोलला ते त्याच शब्दांत पंचांनी आणि तपासी अंमलदाराने न्यायालयात सांगितलं का, हेही तपासलं जातं. तुमच्या प्रकरणात खरी लढाई इथे असेल, कबुलीवर नसेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक अपवाद लक्षात ठेवावा. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लागला असेल तर १९९९ च्या त्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुराव्यात येते. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यातही असंच होतं, आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने ते मान्य केलं. मला हा अपवाद कधीच पटलेला नाही, कारण वरच्या दर्जाचा अधिकारी आला म्हणून कोठडीच्या भिंती बदलत नाहीत. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बाँबस्फोटांच्या खटल्याकडे बघा. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं, आणि कबुलीजबाब विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होतं. सर्वोच्च न्यायालयाने नंतर तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. पण १९ वर्षांनंतर त्या मेलेल्या माणसांच्या घरच्यांच्या हातात काय आहे? याची जबाबदारी कबुलीवर विसंबणाऱ्या पद्धतीवरही येते, असं माझं ठाम मत आहे.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो हसण्यावारी नेऊ नका, त्यात खोल अर्थ आहे.

आपल्याकडच्या सगळ्या परंपरांत पाप उघड बोलण्याला जागा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याच्या मार्गांमध्ये ख्यापन, म्हणजे पाप उघडपणे सांगणं, आणि अनुताप हे पहिले येतात. त्याच ग्रंथात चोराने केस मोकळे सोडून, धावत राजाकडे जाऊन, आपली चोरी सांगून शिक्षा मागावी, असंही आहे. बौद्ध भिक्षू उपोसथाच्या, म्हणजे पंधरवड्याच्या व्रताच्या दिवशी पातिमोक्खाचं, म्हणजे संघाच्या नियमांचं, पठण होण्याआधी आपला दोष दुसऱ्या भिक्षूला सांगतात. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार दिले आहेत आणि त्यांत पहिली आलोचना, म्हणजे गुरूसमोर दोष जसा घडला तसा सांगणं. संवत्सरीला "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात तो याच साखळीचा शेवटचा दुवा. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत कुमसाराला, म्हणजे पाद्रीजवळ पाप सांगायला, जाणं हा वर्षाच्या रहाटीचा भाग आहे. तिथे पाद्रीने ऐकलेलं कुणालाही, कधीही सांगायचं नाही. जाणूनबुजून सांगितलं तर चर्चच्या कायद्याप्रमाणे तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. सांगणारा आपणहून आलेला असतो, आणि ऐकणारा बहुधा त्याचं नुकसान करण्यासाठी बसलेला नसतो. ऐकणारा गुरू असेल, संघातला सोबती असेल, पाद्री असेल, त्याला सांगणाऱ्याला वर काढायचं असतं. चोर आणि राजा यांची गोष्ट वेगळी वाटेल, पण तिथेही चोर धावत स्वतः आलेला आहे, आणि शिक्षेनेच पाप फिटतं अशी श्रद्धा आहे.

जिथे हे दोन हेतू एकमेकांत मिसळले तिथे काय झालं, तेही धर्माच्याच इतिहासात आहे. १२१५ साली रोममध्ये चौथी लॅटरन धर्मपरिषद भरली. तिने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचं केलं. त्याच परिषदेने पाद्रींना दिव्याच्या विधीत भाग घ्यायला बंदी केली. दिव्य म्हणजे तापलेलं लोखंड उचलायला लावून माणसाचं खरंखोटं ठरवणं. आपल्याकडे मराठेशाहीच्या निवाड्यांतही उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्य होतं, तेव्हा हे आपल्याला परकं नाही. दिव्य गेलं, मग गुन्हा सिद्ध कसा करायचा? युरोपच्या बऱ्याच भागांतल्या न्यायालयांनी ठरवलं की मोठ्या शिक्षेसाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची कबुली. दोन साक्षीदार क्वचित मिळतात. राहिली कबुली, आणि ती मिळवायला छळ आला, तोही नियम करून, कायदेशीर. छळात दिलेली कबुली नंतर छळाच्या खोलीबाहेर पुन्हा वदवून घेत. नाकारली तर पुन्हा आत. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चाललं. तिथल्या कैद्याला आरोप काय आणि कुणी केला हे सांगत नसत. त्यालाच सांगत, आठव आणि कबूल कर. शब्द पापनिवेदनाचेच, पण ऐकणाऱ्याच्या हाती कोठडी, मालमत्तेची जप्ती आणि चिता.

म्हणून माझं उत्तर असं: कायदा कबुलीवर अविश्वास दाखवतो तो कबुली हलकी आहे म्हणून नव्हे. ती इतकी जड आहे की कुणी बळाने काढून घेतली तर माणूस संपतो. धर्माने जो मोकळेपणा गृहीत धरला, तो न्यायालयाला तपासून घ्यावा लागतो. राज्यघटनेचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करायला मनाई करतं. २०१० साली सेल्वीच्या खटल्यात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्यांना मनाई झाली ती याच पायावर.

घरातही हे कळतं. "खरं सांग, मारणार नाही" म्हणून वदवून घ्यायचं आणि मग मारायचं, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी अनुभवलं आहे. त्यानंतर ते मूल दोन गोष्टी शिकतं: खोटं चांगलं सांगायला, किंवा न केलेलंही चटकन कबूल करून विषय संपवायला. मोठी माणसंही तशीच वागतात. दुकानात गल्ला कमी भरला की मालक दोन पोरांना मागच्या खोलीत बसवतो आणि "लिहून दे, पोलिसांत जात नाही" म्हणतो. पोर लिहून देतं, कारण त्याला घरी जायचं असतं. थोरला भाऊ धाकट्याचा गुन्हा अंगावर घेतो, आई मुलाचा. माझ्या कामात न केलेल्या गुन्ह्याची कबुली ही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि ती नेहमी मारहाणीमुळेच येते असंही नाही. दमणूक, माया, सुटकेचं आश्वासन, यांतलं काहीही पुरतं. कायद्यात आमिष, धमकी, दबाव किंवा आश्वासन दाखवून काढलेली कबुली बाद होते ती यामुळे.

सासूबाईंना एक गोष्ट मात्र आजच सांगा. तुरुंगातल्या मुलाखतीत त्याला "बाळा, खरं सांग, तू केलंस का" असं विचारू नका. न्यायालयीन कोठडी म्हणजे पोलिसांचा ताबा नव्हे. तिथे आईजवळ बोललेलं संरक्षित नसतं. तो काही बोलला आणि ती बाब बाहेर गेली, तर आईचाच जबाब होऊन तिला साक्षीदार म्हणून बोलावलं जाऊ शकतं. न्यायालयाबाहेरच्या अशा कबुलीला कमकुवत पुरावा मानतात, पण पुरावा असतो. भटजी, पाद्री, मौलवी, समुपदेशक, डॉक्टर यांच्याजवळ बोललेलं साक्षीत उघड होऊ नये असं वेगळं संरक्षण आपल्या पुरावा कायद्यात नाही. उलट लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्या कुणाला कळलं त्याने ते पोलिसांना कळवणं भाग आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि ते तसंच असायला हवं. संरक्षण आहे ते दोघांना: संसारात नवराबायकोने एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना, आपापसांतले खटले सोडून, आणि अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना.

व्हॉट्सॲपवरचंही तसंच. जखमी माणसाच्या घरी "माफ करा, आमच्या पोरानं चूक केली" असे मेसेज पाठवू नका. तुमचा मेसेज ही त्याची कबुली ठरत नाही, तरी उलटतपासणीत तो तुमच्यासमोर धरला जाईल. दवाखान्याचा खर्च द्यायची इच्छा असेल तर वकिलाशी बोलून, लेखी, गुन्हा मान्य न करता द्या.

आणि त्याने खरंच केलं असेल तर? तर त्याला कबूल करण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कुणी हिरावू नये, वकिलानेही नाही. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप न्यायाधीश ब्रूमफिल्डसमोर मान्य केला आणि सर्वांत कडक शिक्षा मागितली. १९०८ साली टिळकांनी तोच आरोप नाकारून शेवटपर्यंत लढा दिला. शिक्षा दोघांनाही सहा वर्षांची झाली. दोघांपैकी कुणालाही कुणी बोलायला भाग पाडलं नव्हतं. सामान्य आरोपीपुढेही हेच दोन रस्ते असतात, फक्त ते त्याला नीट समजावून सांगावे लागतात. आरोपनिश्चितीच्या वेळी न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का. तोपर्यंत आरोपपत्र हातात आलेलं असतं, साक्षीदार काय म्हणतात ते कळलेलं असतं, आणि कलम खरंच खुनाच्या प्रयत्नाचं बसतं की गंभीर दुखापतीचं, हे पाहिलेलं असतं. भांडणात हात उचलला असेल, तर "मी मारलं" हे खरं असूनही "मी जीव घ्यायचा प्रयत्न केला" हे खोटं असू शकतं. कोठडीत तिसऱ्या दिवशी दिलेल्या कबुलीत हा फरक हरवतो. पश्चात्ताप खरा असेल तर तो तोपर्यंत थांबू शकतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या काही गुन्ह्यांत शिक्षेबाबत तडजोडीचा अर्जही करता येतो, पण खुनाचा प्रयत्न त्यात बसत नाही, तेव्हा कलम काय उरतं यावर ते अवलंबून राहील.

आता लगेच करायच्या गोष्टी. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. मोफत वकील मिळतो. रिमांडच्या प्रत्येक तारखेला घरचं कुणीतरी हजर राहा. त्याला मारलं असेल तर त्याने ते मॅजिस्ट्रेटसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि रोजनाम्यात नोंदवायला वकिलाने आग्रह धरावा. कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, त्या कागदांच्या नकला मागा. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे १५ दिवस सलग संपवावे लागत नाहीत. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. तेव्हा तुरुंगात रवानगी झाली म्हणून आता पुन्हा पोलिसांकडे जाणार नाही, असं धरून चालू नका. पुढच्या तारखेच्या आधी वकीलपत्रावर त्याची सही घ्या, म्हणजे पुन्हा कोठडी मागितली तर त्याच्या बाजूने बोलायला कुणीतरी उभं असेल.